वाटणी

करारावर बोट ठेवत किणीबाई म्हणाल्या,
कागद आमचा, छपाई आमची, गोदाम भिवंडीला,
नागपूर-कोल्हापूरची दुकानं आम्ही बघू,
परत आलेल्या प्रतींचं दुःखही आमचंच.
मी मान हलवली.
दुःख कुणी मागून घेत असेल तर देऊन टाकावं.

दोन वर्षं सहाशे प्रती पलंगाखाली.
माझगावच्या दमट हवेत पुठ्ठे फुगलेले,
हेमांगीने कूस बदलली की खालून गठ्ठे कुरकुरायचे.
तीनशे ऐंशी मी हातानं विकल्या :
यलो गेटवर, पेन्शनच्या रांगेत,
एक तर बारशाला.
सुटे नव्हते म्हणून एकानं दोन नेल्या.

मुखपृष्ठावर क्रेन नको, समुद्र टाकू, त्या म्हणाल्या.
समुद्र सगळ्यांकडे आहे, मी म्हटलं.
क्रेन राहिली.
ऱ्हस्व-दीर्घ त्यांचं.
हुकाला आकडा म्हणायचं नाही, हे माझं.

मग आठवलं, फोनचं राहिलंच.
रात्री अकराला शिवडीहून एक म्हातारी बोलते,
"पान ब्याण्णव. आमचे हे पडले
ते तेरा नंबरच्या धक्क्यावर, बारा नाही."
दर महिन्याला तेच पान.
दर वेळी मी पेन शोधतो.

"आमच्या ऑफिसचा नंबर छापू का आत?"
नको.
पान ब्याण्णव तुम्ही छापा, तेरा छापा.
फोन माझ्याकडे राहू दे.

सही करताना हात जरा थांबला.
तेरा छापल्यावर
ती कशाला करेल फोन?