नव्वद सेकंद

आधी चाचणीची सुई दिली होती,
भूल उतरेपर्यंतची.
डॉक्टर पट्टणशेट्टी म्हणाले, आज चालून बघा,
दुखायला लागलं की वेळ लिहून ठेवा.
सात तास दुखलं नाही.
बेळगावच्या स्टँडवर निपाणीची गाडी लागली होती,
ती जाऊ दिली.
नुसती फिरले.
कुंद्याच्या दुकानाच्या चार पायऱ्या
चढले, उतरले, काही न घेता पुन्हा चढले.
मालक बघत राहिला.
रात्री दहाला गुडघा घरी आला.
वहीत लिहिलं: दहा.

आज खरं काम.
दारावरच्या पाटीची अक्षरं मला येत नाहीत,
खालचं गुडघ्याचं चित्र येतं.
आत पडद्यावर माझं हाड,
घासून उंबऱ्याला टेकलेल्या दारासारखं.
"हाड तसंच राहणार," डॉक्टर म्हणाले,
"बातमी नेणारी नस तेवढी जाळू. तीन ठिकाणी."

चाळीस वर्षं मांडी घालून बसले,
मांडीवर सूप,
पान, जर्दा, दोरा, गाठ.
मुकादम हजारामागं छाट काढायचा.
कधीतरी माझाही निघणार होता.

सुईच्या टोकाला मुंग्या आल्या.
नर्सनं विचारलं, नोवु इदेया?
एवढं कानडी मलव्वानं शिकवलंय,
माझ्या शेजारी बसून, त्याच गार फरशीवर.
व्हय, म्हटलं, तिथंच.

मग पाय उडतो का बघितलं.
नाही उडला. म्हणजे नस बरोबर.
ऐंशी अंश, नव्वद सेकंद.
डोळे मिटून मी चार विड्या वळल्या.
दुसऱ्या जागी चार.
तिसऱ्या जागी तीनच,
चौथीचा दोरा सुटला.

जन्मभर जाळायच्या वस्तू केल्या,
म्हणून वासाची वाट बघत होते.
आला नाही.

"किती दिवस टिकंल?"
"वर्षभर. कुणाला कमी. नस परत उगवते."
उगवते म्हणाले, तणासारखी.

तीन आठवडे झाले.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अजून थांबते,
कठड्यावर हात,
ते येतंय का बघत.
खालून रेहमतबी ओरडते, काय झालं गं?
काही नाही, म्हणते.
आणि थोडा वेळ
तिथंच उभी राहते.