देसा

दारूखान्यातल्या आमच्या दुकानातून
आठवड्याला चार पिंपं गोडं पाणी, तांदूळ, कांदे, काड्यापेट्या,
एवढंच जातं त्या जहाजावर.
मालक फोन उचलत नाही.
कोर्टाचा कागद केबिनच्या दाराला चिकटवलेला,
खाऱ्या हवेनं त्यावरचा शिक्का तेवढा उरलाय.
अकरा महिने नांगर टाकून आहे,
आणि वर पाच माणसं.

त्यातला आचारी ला इमू.
‘ला’ म्हणजे पुरुष, त्यानं सांगितलं,
बाईच्या नावाआधी ‘वा’.
त्याची मुलगी वा निआ, चौदा वर्षांची.
मी म्हटलं, मी हरेश्वर, माझ्या नावाआधी काही नसतं,
फक्त उधारीच्या वहीत ‘श्री.’

मोडक्या हिंदीत, जरा इंग्रजीत, उरलेलं हातांनी
त्यानं मला गाव दाखवलं.
ओट्यावर सांडलेल्या पिठात बोट फिरवून
एक बेट काढलं, पापणीएवढं.
हा डोंगर. ही विहीर. ही मशीद.
ही शाळा, नववीपर्यंत.
दहावीचा वर्ग पाच तास लांब, बोटीनं,
आणि बोट पंधरा दिवसांनी,
वारा पश्चिमेचा असला तर तीही नाही.
याला काय म्हणता तुम्ही?
देसा, तो म्हणाला. देसा म्हणजे गाव.
आमच्यात देश म्हणजे, असं म्हणत मी हात पसरले
ते भिंतीला आणि गॅसच्या नळीला लागले.

मग नादच लागला. गुरू तोच निघाला, खबर तीच,
साबणसुद्धा तोच.
पगारावर अडलो.
किती महिन्यांचा पगार थकला, मी विचारलं,
तो बघतच राहिला.
त्याच्याकडे पगार म्हणजे कुंपण,
शेळ्या शिरू नयेत म्हणून
कंदाच्या वाफ्याभोवती ठोकतात ते.
मी दहा बोटं दाखवली, वर एक.
अकरा कुंपणं, तो म्हणाला,
आणि डाळीखालचा गॅस बारीक केला.

एकादशीला डब्यातून खिचडी नेली.
एक दाणा चिमटीत धरून त्यानं उजेडात पाहिला.
हा तर आमचा कंद! आम्ही रोज हेच खातो. तुम्ही कधी?
उपास असतो तेव्हा, मी म्हटलं.
त्यावर तो इतका हसला की
वरून कुणीतरी काय झालं म्हणून ओरडलं.

गावात काय आहे, तर दोरीवर वाढवलेलं शेवाळ,
ज्याचा भाव शहरातला एक माणूस फोनवर सांगतो.
खोबरं आहे. नारळांची वयं झालीत.
पोरं जातात, मलेशियात, जहाजांवर,
परतताना मोटारसायकल आणतात.
रस्ता दीड किलोमीटर, गाड्या सतरा.
संध्याकाळी सगळे टोकापर्यंत जातात
आणि वळतात.
टॉवर येणार आहे. दर निवडणुकीला येणार असतो.
तू परत जाणार? मी विचारलं.
जाणारच, तो म्हणाला. छप्पर घालायचंय.
जरा थांबून म्हणाला, मग पुन्हा निघायचं. छपराचं कर्ज.

परवा मी पिंपं चढवत होतो तेव्हा फोन लागला.
इथे साडेचार, तिथे सात, अंधार.
वा निआ कबरस्तानामागच्या टेकाडावर चढलेली,
रेंज तिथेच येते.
तिचा आवाज येई, बुडे, पुन्हा येई.
ती विचारतेय, ला इमू म्हणाला,
मुंबई केवढी देसा आहे, बोट किती दिवसांनी येते.
मी भाऊच्या धक्क्याकडे पाहिलं.
रोज येते, सांग तिला. दिवसातून किती वेळा, कुणी मोजत नाही.

त्यानं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग ती काहीतरी म्हणाली
आणि त्यानं फोन छातीशी धरला.
काय म्हणते?
म्हणते, आमच्याकडे बोट आली की कुणीतरी जातं.
तिथे रोज येते,
तर मग अजून माणसं उरलीत कशी?

पिंप भरून वाहायला लागलं होतं.
लाँचवाला शिट्टी मारत होता.
विचारतो, मी म्हटलं,
आणि शिडी उतरलो.