नमुना

अठ्ठावीस वर्षं मी नदी बाटलीत भरली.
राजाराम बंधाऱ्यावर, शिवाजी पुलाखाली,
जयंती नाला पंचगंगेला मिळतो त्या वळणावर.
आधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
मग मान बुडवून सावकाश भरायची,
हवेचा एक बुडबुडाही आत राहता कामा नये.
बूच. चिठ्ठी. तारीख, वेळ, सही.
डब्यातल्या बर्फात बसून
नदी माझ्या स्कूटरवरून ताराबाई पार्कात यायची,
खड्डा लागला की मागून किणकिणायची.

प्रयोगशाळेत दोन औषधं घातली की कळायचं:
गाळ तपकिरी बसला, तर पाण्यात श्वास आहे.
पांढराच राहिला, तर नाही.
शाळेतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं.

त्या वर्षी चैत्रात, सतरा नंबरच्या बाटलीत
गाळ पांढरा बसला.
मी बाटली हलवली. पुन्हा बसला, दह्यासारखा.
साहेब म्हणाले, नमुना चुकला असेल, बघा जरा.
एवढंच.
दमदाटी नाही, पाकीट नाही,
आणि हेच सांगायला सगळ्यात जड जातं:
मला गडहिंग्लजला साडूच्या मुलाच्या लग्नाला जायचं होतं,
साडेपाचची एसटी होती.
मी लिहिलं, पाच पूर्णांक दोन.
अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.
लग्नात मठ्ठ्याचे तीन ग्लास प्यालो.

परत आलो तर घाटाच्या पायऱ्यांना मासे लागलेले,
पोटं वर करून.
तायव्वा गवळण दावं धरून उभी,
तिची कवडी म्हैस खाली उतरेना.
मी, शहाणा, खिशातनं अहवालाची प्रत काढली,
म्हटलं, मावशी, पाणी चांगलं आहे, हे बघा.
तिनं कागद बघितला नाही. माझ्याकडं बघितलं.
"म्हस तोंड लावंना झालीया
आन् तू कागद दावतुयास व्हय रं?
नमुनाच हायस बघ."

आमच्या खात्यात
या शब्दाला तोवर एकच अर्थ होता.

गेल्या दिवाळीनंतर माझी छाती भरली.
सीपीआरमध्ये एका शिकाऊ पोरीनं, शाहीन तिचं नाव,
माझ्या बोटाला चिमटा लावला, थांबली,
म्हणाली, चौऱ्याऐंशी.
तिची पाळी संपली होती,
खाली भाऊ गाडी चालू ठेवून हॉर्न मारत होता.
तिनं चौऱ्याऐंशीचे चौऱ्याण्णव केले नाहीत.
पळत गेली, सिलिंडर ढकलत आणला,
एका चाकानं तो सारखा भिंतीकडं जात होता
आणि ती त्याला शिव्या देत सरळ करत होती.
मी पडून होतो बूच लावलेल्या बाटलीसारखा,
कुणीतरी आपल्याला नीट वाचावं, एवढीच इच्छा.
सतरा नंबरचीही तेवढीच असणार.

आता दम लागतो. सगळ्या पायऱ्या उतरवत नाहीत.
तायव्वा गेली. तिची सून म्हशी आणते,
कवडीच्या नातीची नात असेल त्यात एखादी.
मी वरच्या पायरीवर बसतो, दोनशे पानी वही घेऊन.
कुणी मागितलेली नाही, कुठल्या कचेरीत जाणार नाही.
सोमवार: प्याली.
मंगळवार: हुंगलं, प्याली नाही. नाल्याकडून फेस.
बुधवार: मला ताप. आलो नाही. माहीत नाही.
हे "माहीत नाही" लिहायला
मला साठी उलटावी लागली.

काल धुकं होतं, पायरीवरून पाणी दिसत नव्हतं.
सून वर आली, ओला दोर पिळत म्हणाली,
काका, रोज काय लिवता वं?
म्हटलं, म्हस काय म्हणते ते.
हसली. म्हणाली, मग लिवा,
आज पोटभर प्याली, वरनं पाणी सोडलंय वाटतं.
मी लिहिलं, प्याली.
मग पेन थांबलं.
विचारलं, तू डोळ्यानं बघितलंस?