छेद समान

इंटर्नशिपच्या अकराव्या महिन्यात
जयारोग्यच्या थिएटरात मी पहिला छेद दिला.
मांडीवरचं गळू. विशेष काही नाही.
भदौरियासर म्हणाले, हात स्थिर आहे तुझा, सर्जरी घे.
आईने दौलतगंजातून पेढे आणले.

मग वॉर्डात हरविलास आला,
एक्सरेची गुंडाळी काखेत,
टीबीचा कोर्स तिसऱ्यांदा पुरा केलेला.
थुंकीत कधीच काही सापडलं नव्हतं.
काम काय करता?
"गिट्टी फोडतो, बिलौआला."
आणि तुमच्याबरोबरचे? खोकणारे?
तो बोटांवर मोजू लागला.
त्याचे दोन्ही हात संपले
तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने
आपला एक हात पुढे केला.

एवढंच झालं होतं.
सर्जरी का सोडलीस विचारतात,
मी काहीबाही सांगते: आवड, स्कोप, नाइट ड्यूट्या.

बाबांनी लष्करात चौतीस वर्षं गणित शिकवलं.
त्यांनाच आधी कळलं.
"म्हणजे वर किती ते नाही,
खाली किती, ते शोधणार तू."
हो. अंश दवाखान्यात आपसूक चालत येतो.
छेद घरीच राहतो.
"मग कठीण आहे," म्हणाले,
आणि टोस्ट चहात जरा जास्तच वेळ धरला.

टेम्पो, बस, पुढे कुणाचा तरी ट्रॅक्टर.
अठ्ठेचाळीस प्रश्न,
मराठीत सुचलेले, इंग्रजीत मंजूर झालेले, हिंदीत छापलेले,
रामबेटीच्या ओट्यावर तिच्या बोलीत
पुन्हा सुटे करायचे.
प्रश्न एकोणीस: चालताना दम लागतो का?
"कुठवर चालताना?" तिने विचारलं.
"हँडपंपापर्यंत, की तुझ्या कॉलेजापर्यंत?"
पर्याय चार होते. त्यांत हँडपंप नव्हता.
मी समासात लिहिला.

क्रशरच्या मुनीमजींनी थंड पाणी दिलं,
मग हजेरीची वही उघडून माझ्याकडे फिरवली.
मजूर: निरंक.
मागे यंत्र चालू होतं.
ग्लासातलं पाणी थरथरत होतं.
मी उतरवून घेतलं: शून्य.
बाबा वर्गात म्हणायचे, शून्याने भागू नका पोरांनो.
उत्तर चुकतं असं नाही,
प्रश्नच उरत नाही.

"वही राहू दे," रामबेटी म्हणाली.
दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला
क्रशरमागच्या बाभळींपाशी उभं केलं.
येणारा प्रत्येक जण आपल्या भाकरीचं गाठोडं
फांदीला टांगून आत जात होता,
कुत्र्यांच्या आणि मुंग्यांच्या वर.
लाल फडकं, चौकडीचं, साडीचा तुकडा,
एक तर सिमेंटच्या पोत्याची पिशवी.
त्रेसष्ट.
पुढच्या क्रशरवर एकेचाळीस.

गाइड मॅडमना हे पटायला सात महिने लागले.
गाठोडी? संदर्भ काय?
मी म्हटलं, बाभूळ.
त्या हसल्या नाहीत. पण सही केली.

आता रात्री जेवणानंतर बाबा
चष्मा पुसून माझे तक्ते घेऊन बसतात.
इथे आठवडा मोजलास, तिथे दोनच दिवस,
आधी छेद समान कर, मगच बेरीज.
पेन्सिलीने बारीक बारीक बरोबरच्या खुणा.

त्यांना मी एक गाठोडं सांगितलं नव्हतं.
पौषातली संध्याकाळ, सगळी फांदीवरून उतरली, एक उरलं.
निळं फडकं, गाठ न सोडलेली.
दुपारीच त्याला खाटेवर घालून घरी नेला होता,
गाठोडं न्यायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी विचारलंच काल,
बाबा, असा माणूस कुठे धरायचा,
वर की खाली?

"दोन्हीकडे," ते म्हणाले.
"वरचा प्रत्येक जण खालीही असतोच.
मुलं हेच विसरतात."

मग पेन्सिल खाली ठेवून विचारलं,
"काय होतं त्यात?"

मला माहीत नव्हतं.
एकूण अठ्ठेचाळीस प्रश्न होते माझे.