फेलिक्सासची किल्ली

क्लाइपेदाच्या बंदरात नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.
खाली माशांना धुरी देणाऱ्या बाईचं दुकान, वर आम्ही:
तीन टेबलं, एक हीटर, आणि एक सर्व्हर,
ज्याच्या उबेवर स्किर्मान्ते मोजे वाळत घालते.

आम्ही शिडं शिवत नाही.
शीड कसं कापायचं ते सांगणारा प्रोग्रॅम लिहितो.
कापड सपाट असतं, शीड सपाट असून चालत नाही,
त्याला पोट लागतं, वारा धरायला.
ते पोट कुठे किती सुटावं
हे दाउमान्तासने सात वर्षं खपून गणितात बसवलं.
त्यालाही पोट आहे
हे आमच्या जरा उशिरा लक्षात आलं.

पहिलं गिऱ्हाईक फेलिक्सास.
ब्याऐंशी वर्षांचा शिडवाला, बोटांना मेणाचा वास,
माउस उलटा धरायचा.
पैसे रोख दिले, नोटा दोनदा मोजून,
आणि सिरीयल नंबर तोंडपाठ केला
प्रार्थना पाठ करावी तसा.
पुढच्या वसंतात वारला.
त्याचा कॉम्प्युटर नातवाने विकला.
त्यानंतर काय झालं ते आम्हाला नीट ठाऊक नाही.

एवढंच दिसतं,
की रात्री सर्व्हरवर जी यादी उमटते
तिच्यात फेलिक्सास सेबूमध्ये उठतो,
वालपराइसोमध्ये उठतो,
इझमीरच्या एकाच गल्लीत चार वेळा उठतो
आणि विचारतो, नवीन आवृत्ती आली का?
अकरा हजार दोनशे फेलिक्सास.
विकल्या गेलेल्या प्रती तीनशे नऊ.

स्किर्मान्ते हिशेब मांडते. ती रागावत नाही.
म्हणते, अकरा हजारांतले दहा हजार
तसेही कधी विकत घेणारे नव्हते.
राहिले हजार. त्यातले निम्मे धर.
मग पेन्सिल खाली ठेवते,
कारण त्या निम्म्याच्या निम्म्यातही
दाउमान्तासचा पगार बसतो,
हीटरचं बिल बसतं.

मार्चमध्ये तो विल्नियसला गेला, बँकेत.
पाचवी आवृत्ती अर्ध्यावर राहिली.
चौथीत तिसऱ्या पट्ट्याची शिवण चार मिलिमीटर चुकते,
जोराच्या वाऱ्याचं शीड मागितलं, तरच.
का चुकते ते त्याला कळलं होतं.
जाताना वहीत लिहूनही ठेवलंय,
पण त्याचं अक्षर म्हणजे.

आज इझमीरहून ईमेल आला. कुणी शेहाबेत्तीन.
'साहेब, तिसरा पट्टा चार मिलिमीटर चुकतो.
दोन गिऱ्हाइकांनी शिडं परत आणली.
मी पूर्ण पैसे मोजलेत. दुरुस्ती कधी?'
खाली सिरीयल नंबर. फेलिक्सासचा.
सोबत पावतीचा फोटो:
दुकानाचा शिक्का, सही, रक्कम अक्षरी आणि अंकी.
खरंच मोजले होते त्याने पैसे.
आमच्यापर्यंत ते आले नाहीत, इतकंच.

मी उत्तर लिहायला बसले.
आधी लिहिलं, तुमची प्रत चोरीची आहे. खोडलं.
मग लिहिलं, तुम्हाला फसवलं गेलंय.
तेही खोडलं, जणू फसलो फक्त तेच.
तिसऱ्या खर्ड्यात आमचा खाते क्रमांक घातला
आणि लाज वाटून काढला.
लाज कशाची, ते अजून कळलेलं नाही.

जिन्यावरून धुरीचा वास वर आला.
वही काढली, दाउमान्तासचं अक्षर दिव्याखाली धरलं:
'तिसरा पट्टा, वक्राचं मूळ' आणि पुढे
कॉफीचा गोल डाग.

शेवटी लिहिलं,
सध्या डाव्या कडेला चार मिलिमीटर जास्त ठेवून कापा.
हाताने. कात्रीला धार असू द्या.
दुरुस्ती कधी ते सांगता येत नाही,
ती करणारा माणूस आता कर्जांची व्याजं मोजतो.

पाठवून टाकलं. स्किर्मान्तेने मोजे उतरवले, हीटर बंद केला.
तेव्हा दिसलं, वरती मी
'प्रिय फेलिक्सास' असं लिहून गेले होते.