रबरी गुडघे

घरात नवी लादी आली
आणि शर्वी मागे मागे जायला लागली.
खुळखुळा पुढे, ही उलटी;
हातांनी रेटते, गुडघे सटकतात,
शेवटी कपाटाखाली अडकून बोंब.
शेजारची बायजा म्हणाली, शेणाच्या जमिनीला धर होता गो.

बंदीचे दिवस. बोट आंजर्ल्याच्या खाडीत.
हरेश्वर पावसेने जुना गमबूट उलटा केला,
तळव्याच्या रेघा अंगठ्याने चाचपल्या.
ओल्या फळ्यांवर याच रेघांनी
त्याला बारा वर्षं उभं ठेवलं होतं.
दोन चकत्या कापल्या, सुरणाच्या कापाएवढ्या,
आणि जाळ्याच्या तंगूसाने
निळ्या चड्डीच्या गुडघ्यांवर शिवल्या.
गाठ बाहेरून. आत टोचली असती.

आधी ती हललीच नाही.
लादीने धरलं, याचंच नवल.
मग एक गुडघा.
मग दुसरा, आणि
बापाच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून
थेट उंबऱ्याकडे,
जिथे तो तळवा नसलेला बूट
तोंड वासून पडला होता.

आता तो दर्यात आहे, नव्या बुटांत.
चड्डी दोरीवर वाळतेय,
खाऱ्या वाऱ्याने पोट फुगवून,
गुडघे अजून वाकलेले.