गाळ धुताना

सकाळी सहाला बार्ज लागतो सित्राच्या धक्क्याला
आणि आमच्या शेडमागे गाळ ओतला जातो,
काळा, थुलथुलीत, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
रोवेना म्हणते, नाकाखाली विक्स लाव.
मी लावत नाही.
हा वास मला ओळखतो.

दाभोळच्या खाडीत अब्बा रेतीसाठी डुबी मारायचे.
बांबू धरून खाली, बादली भरून वर,
दिवसाला शंभर-सव्वाशे खेपा,
कानातून रक्त आलं की कापसाचा बोळा.
ती रेती चिपळुणात गेली, पुण्याला गेली,
कुणाकुणाच्या स्लॅबमध्ये जाऊन बसली.
आमच्या जिन्याला कठडा नव्हता
मी नोकरीला लागेपर्यंत.

इथे जहाजांसाठी तळ खरवडतात.
निघालेला गाळ लांब नेऊन पुन्हा समुद्रातच ओतायचे,
प्रवाळावर राखाडी चादर पडायची
आणि मासे तो मोहल्ला सोडून जायचे.
आता तो मला देतात.
परकार, बघ, याची रेती होते का.

होते.
पण आधी मीठ काढावं लागतं.
एक धुणं, दुसरं धुणं, तिसरं.
गोडं पाणी इथे अत्तरासारखं मोजून,
म्हणून तेच गाळून, तेच फिरवून.
मग नळीत निवळ घ्यायची,
सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडायचा.
दुधाळ झालं, तर मीठ आहे अजून.
हाच थेंब बोटावर सांडला
तर बोट काळं पडतं, आठवडाभर जात नाही.
माझी तीन बोटं कायमची तशी.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
लोखंडाचं उलटं आहे.
तिथे मीठच खाणारं,
आत सळई खात बसतं वर्षानुवर्षं,
बाहेर रंग नवाकोरा.
एक दिवस गॅलरीचा तुकडा
खाली उभ्या गाडीच्या टपावर.

अब्दुन्नबी चाळणीवर राहिलेले शिंपले वेचतो.
साठी उलटली, फोरमन आहे, हे त्याचं काम नव्हे.
त्याचा आजा मोत्यांसाठी उतरायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
मी विचारलं, मोती मिळायचा का?
म्हणाला, उचल मिळायची.
आजा गेला, ती बापाच्या नावावर आली.
मग मी त्याला अब्बांचं सांगितलं, मोडक्या अरबीत.
बादली आठवली, बांबू आठवला,
'डुबी'ला शब्द सापडेना.
गाल फुगवले, डोळे मिटले, मान खाली घातली.
त्याने चहा ओतला. दोघांनाही.

शंभरात वीस भाग हा गाळ, बाकी नेहमीची रेती.
पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे, अंगावर तारीख,
टाकीत अठ्ठावीस दिवस बुडवून ठेवायचे.
बाहेर पंचेचाळीस डिग्री, ते मात्र थंड पाण्यात.
पहिली खेप चाळीस टनांवर भुगा झाली,
दुसरी एकसष्टवर.
त्यातला एक ठोकळा दाराला अडसर म्हणून लावलाय.
काल काटा सत्तरच्या पुढे गेला,
मशीन कण्हलं, आणि चारी बाजू झडून
मधे उरला डमरू.
असाच फुटावा लागतो.
रोवेनाने फोटो काढला, अब्दुन्नबीने
नुसतं बोट फिरवलं त्या खडबडीत कमरेवरून,
एक शिंपल्याची कपची चमकत होती तिथे.

टॉवरला नाही वापरणार, साहेब म्हणाले.
फुटपाथच्या कडेला चालेल,
मासळीबाजाराच्या ओट्यांना चालेल.
चालेल की.

रात्री घरी फोन लावला.
अब्बा, खाडीच्या गाळाचा दगड केला आम्ही.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग विचारलं,
खाली उतरतं कोण?
कुणी नाही, अब्बा. मशीन उतरतं.
ऐकू गेलं नसावं.
कानाचं यंत्र खरखरलं
आणि पुन्हा, जरा मोठ्याने:
अरे, कोण उतरतं?